वर की आत?

सकाळी साडेपाच वाजता त्या घरात एकच प्रश्न विचारला जाई, आणि गेली एक्केचाळीस वर्षं तो एकाच बाईला विचारला जाई.

“आत्या, वर की आत?”

घर म्हणजे धुलाईचं घर. तळमजल्यावर धुण्याची मोठी यंत्रं, बॉयलर आणि इस्त्रीची टेबलं. मधल्या मजल्यावर माणसं. आणि सगळ्यात वर सपाट, मोकळी गच्ची, अठरा दोऱ्यांची. मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती. संध्याकाळी धुतलेले कपडे रात्रभर शेडमध्ये निथळत आणि सकाळी ठरे, की टोपल्या भरून ते गच्चीवर न्यायचे, की शेडमध्येच पंखे लावून वाळवायचे. गच्चीवर चादर दोन तासांत कडक होई. शेडमध्ये तिलाच संध्याकाळ लागे, शिवाय एक कुबट वास राही तो वेगळाच. पण गच्चीवर नेलं आणि पावसाने गाठलं, की सगळं पुन्हा धुवा. म्हणून तो प्रश्न.

आत्या जिन्याच्या टोकाशी असलेल्या छोट्या खिडकीपाशी जाई. खिशातला रुमाल बोटांवर घेऊन लोखंडी कडी काढी, एक झडप लोटी, डोळे मिटून एक लांब श्वास घेई आणि एकच शब्द बोले. “वर” किंवा “आत”. कारण सांगत नसे. कुणी मागतही नसे. रुमाल कशाला, हेही कुणी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांच्या शंभर खोडी असतात, त्यातली एक.

ही विद्या तिला वडिलांकडून मिळाली होती. ती चौदा वर्षांची असताना त्यांनी तिला त्याच खिडकीशी उभं केलं होतं. “ओल्या मातीचा वास कुणालाही येतो, पोरी. पण तो येतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याच्या आधीचा वास ओळख. लोखंडाची कडी हातात धरून हुंगली तर येतो ना, तसा असतो तो. पुसट.” पुढे तिचं लग्न झालं, नवरा चार वर्षांत गेला आणि ती एक ट्रंक घेऊन माहेरी परतली. राहायला खोली भावाने दिली, पण घरात जागा दिली ती त्या खिडकीने. भाऊ गेला, भावजय गेली, भाचा धंदा बघू लागला, त्याची बायको आली. यंत्रं बदलली, बॉयलर बदलला. खिडकीशी मात्र आत्याच.

आणि आता गोष्ट अशी होती, की आत्याला वास येत नव्हता.

थंडीत तिला आठ दिवस ताप आला. ताप उतरला आणि एका सकाळी तिने सोड्याचा डबा उघडला, तर काही नाही. नाक डब्यात घातलं, तरी काही नाही. साबण, फिनेल, जळका इस्त्रीचा कपडा, सगळं कोरं. जणू जगाला कुणी स्वच्छ धुऊन, पिळून, घडी घालून ठेवलं होतं. तिला वाटलं, येईल महिन्याभरात. महिना गेला, दुसरा गेला. तिने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पूर्वीसारखीच ती खिडकीशी जाई, डोळे मिटी, लांब श्वास घेई. फरक इतकाच, की जाण्याआधी गच्चीवर एक फेरी मारून सुती दोरीला बोट लावून बघे. हवेत ओल असली की दोरी आखडते, ताणलेली लागते. पण दोरीला फक्त आत्ताचं कळतं, पुढचं नाही.

चार महिने तिने असे काढले. मग तो मंगळवार आला. तिने “वर” म्हटलं, आणि साडेनऊला आभाळ फाटलं. गच्चीवर सूतिकागृहाची दुपटी होती, लंगोट होते, बाळंतिणींच्या चादरी होत्या. सगळं पुन्हा धुवावं लागलं. संध्याकाळी तिथल्या मुख्य नर्सचा फोन आला. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “आज तीन बाळं झाली. आम्ही आमच्या स्वेटरमध्ये गुंडाळली.” फोन आत्यानेच उचलला होता.

भाचा काही बोलला नाही. हेच वाईट होतं. तो बोलका माणूस. वजनकाट्यावर नव्वद किलो भरायचा, तरी लहानपणीचं ‘बारक्या’ हे नाव त्याला चिकटलं होतं ते चिकटलंच. नुसता कपडा नीट पिळला गेला नाही तरी अर्धा तास बोलणारा बारक्या त्या दिवशी गप्प जेवला, आणि सहा दिवसांनी एक खोकं घेऊन आला.

“हे काय आणलंस? घड्याळ?” आत्याने विचारलं.

“घड्याळ आहेच त्यात. पण मुख्य म्हणजे हवामान सांगतं. घरगुती हवामान केंद्र आहे, आत्या.”

“आपल्याकडे आहे की एक,” बारक्याची बायको, घरची सून, इस्त्री करता करता म्हणाली. “दोन कप चहावर चालणारं.”

“त्याला सेल घालावे लागत नाहीत,” आत्या म्हणाली, आणि हसली.

यंत्राचे दोन भाग होते. पडद्याचा डबा इस्त्रीच्या टेबलावर बसला. त्यावर मोठे आकडे आणि एक चित्र: सूर्य, नाहीतर ढग, नाहीतर थेंब. दुसरा भाग हातभर अंतरावरून साबणाच्या वडीसारखा दिसणारा, पांढरा. तो बाहेर टांगायचा, म्हणजे तो बाहेरची ओल आणि उष्णता डब्याला कळवतो. हवेचा दाब डबा स्वतःच मोजतो, आणि सगळ्याचा मेळ घालून पुढच्या बारा तासांचं चित्र काढतो. बारक्याने चष्मा लावून पुस्तिका मोठ्याने वाचली. “बाहेरचा भाग थेट उन्हात अथवा पावसात ठेवू नये. छपराखाली, हवेशीर जागी टांगावा.” त्याने शब्दन् शब्द पाळला. शेडच्या मधल्या खांबाला खिळा ठोकला आणि वडी टांगली.

“आता बघू,” तो म्हणाला, “कोण जिंकतं ते.” गंमत म्हणूनच म्हणाला. इस्त्रीच्या खोलीत एक पाटी होती, तिच्यावर सुनेने दोन रकाने आखले. एकावर लिहिलं ‘डबा’, दुसऱ्यावर ‘आत्या’.

पहिल्याच सकाळी आत्याने दोरीवर विसंबून “वर” म्हटलं. डब्यावर थेंब होते. दहा वाजता भुरभुर सुरू झाली. टोपल्या घाईघाईने खाली आल्या, नुकसान झालं नाही, पण पाटीवर डब्याखाली एक रेघ उमटली आणि आत्याखाली फुली.

दुसऱ्या दिवशी आत्या पाचलाच उठली. चपला न घालता जिना उतरली, डब्यासमोर उभी राहिली. आकडा होता चौऱ्याण्णव, चित्रात थेंब. किती ठाम होता तो आकडा! त्याला ताप येत नाही, त्याचं वय होत नाही. ती वर गेली, रुमालाने कडी काढली, डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

“आत,” ती म्हणाली.

त्या दिवशी कडकडीत ऊन पडलं. नऊ वाजता बारक्याने कपाळाला हात लावला आणि सगळं गच्चीवर न्यायला सांगितलं. पाटीवर दोन फुल्या. तिसऱ्या दिवशी डबा म्हणाला थेंब, आत्या म्हणाली आत, आणि ऊन. चौथ्या दिवशी तेच. आत्याला कळत होतं की काहीतरी चुकतंय. पण दोरी सैल लागली तरी तिची छाती होत नव्हती. डोळ्यांसमोर ती तीन बाळं येत, नर्सच्या स्वेटरमधली. डबा नवा आहे, पुस्तिकेत म्हटलंय की जागेची सवय व्हायला त्याला काही दिवस लागतात, असं ती स्वतःला समजावी. आडातच नसलं तर पोहऱ्यात कुठून येणार, हे तिला कोण सांगणार?

पाचव्या दिवशी बारक्या वैतागला. “हा डबा रोज रडतोय, आणि आत्या, तूही त्याच्याबरोबर रडतेस! तुम्हा दोघांचं काही ठरलंय का?”

“शाळेत माझ्या शेजारी एक मुलगी बसायची,” सून म्हणाली. ती अभ्र्याची घडी घालत होती, मान वर केली नाही. “माझ्या वहीत बघून लिहायची. बाईंना लगेच कळायचं. उत्तरं बरोबर आली तर कुणाचीही असू शकतात, पण चुका सारख्या आल्या की पकडलं.”

आत्या चिमटे मोजत बसली. त्यांची मोजणी करायची कुणाला गरज नव्हती.

मग सुट्टीचा दिवस उजाडला. आठवड्यातून एक दिवस यंत्रं बंद असत, त्यामुळे आदल्या संध्याकाळी धुणं नव्हतं. आत्याला सवयीने पाचलाच जाग आली आणि सवयीनेच ती डब्यासमोर गेली. आकडा अठ्ठावन्न. चित्रात सूर्य, चांगला गुबगुबीत, किरणं काढलेला.

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. आभाळ कालच्यासारखंच, हवाही कालच्यासारखीच. मग आज याला कसली अक्कल सुचली? ती मागच्या अंगणात गेली. शेड रिकामी होती. दोऱ्या मोकळ्या, पंखे बंद, आणि मधल्या खांबाला पांढरी वडी एकटीच लोंबत होती, पाहुण्यांनी विसरलेल्या छत्रीसारखी. आत्या तिच्याकडे बघत राहिली. एरवी या वेळी इथे पाय ठेवायला जागा नसते. खांबाच्या दोन्ही बाजूंनी ओल्या चादरी, इतक्या जवळ की वाकून गेलं तरी गालाला लागतात.

ती घरात गेली, एक टॉवेल नळाखाली धरला, अर्धवट पिळला आणि वडीच्या शेजारी वाळत घातला. स्टुलावर बसून राहिली. दहा मिनिटांनी आत जाऊन पाहिलं, आकडा एक्क्याऐंशी. पाव तासाने त्र्याण्णव. आणखी थोड्या वेळाने सूर्य गेला आणि थेंब आले.

आत्या एकटीच हसली, तोंडावर हात धरून. यंत्र बिचारं खोटं बोलत नव्हतं. ओल आहे म्हणत होतं, आणि ओल होतीच. आपल्याच चादरींची. बारक्याने पुस्तिका पाळली, दुसऱ्या कुठल्याही घरात ती जागा योग्यच ठरली असती. पण पुस्तिका लिहिणाऱ्याला काय ठाऊक, की काही घरांत छपराखालीच रोज पाऊस पडतो?

टॉवेल काढून तो पुन्हा पिळताना मात्र तिचं हसू गेलं. हे सांगायचं तर आपण डब्याकडे बघत होतो हेही सांगावं लागेल. आणि का बघत होतो, हेही.

दुपारी चहाच्या वेळी बारक्याने स्वतःच विषय काढला. खोकं त्याने माळ्यावरून काढून आणलं होतं. “उद्या परत देऊन येतो. दुकानदाराने पंधरा दिवसांची मुदत दिलीय. पैसे गेले तरी चालतील, पण रोज उठून हे रडकं तोंड कोण बघणार? शेवटी आपली आत्याच बरी. चुकली तरी घरची.”

किती गोड वाटलं ते ऐकायला! आत्याच्या हातात कप होता, त्यातून वाफ येत होती आणि वाफेला कसलाच वास नव्हता. गप्प बसलं की झालं. उद्या खोकं जाईल, पाटी पुसली जाईल, परवा साडेपाचला तोच प्रश्न येईल. परवा. आणि परवा मंगळवार, सूतिकागृहाचे कपडे.

“नको परत देऊस,” ती म्हणाली. “ते बिघडलेलं नाही. जागा चुकलीय.”

तिने चादरींचं सांगितलं, टॉवेलचं सांगितलं. बारक्या आधी ऐकत राहिला, मग मांडीवर थाप मारून इतका हसला की टेबल हललं. “म्हणजे मी आपल्याच धुण्याचा अंदाज आणत होतो! आज संध्याकाळी चादरी पडण्याची शक्यता!” मग हसता हसता थांबला. “पण आत्या, तू का रोज त्याच्यासारखंच म्हणत होतीस?”

आत्याने कप खाली ठेवला. “कारण मी त्याचं बघून सांगत होते. मला वास येत नाही, बारक्या.”

“म्हणजे सर्दी?”

“सर्दी नव्हे. ताप आला होता ना, तेव्हापासून. काहीच येत नाही. त्या मंगळवारीही येत नव्हता. मी अंदाजपंचे बोलले, आणि...”

बारक्या बायकोकडे बघू लागला. अशा वेळी तो नेहमी बायकोकडेच बघे.

“मला माहीत होतं,” सून हळूच म्हणाली. “पंधरा दिवसांपूर्वी दूध करपलं. तुम्ही शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते.”

“आणि तरी रोज मला विचारत होतीस?”

“विचारायचं कुणाला मग? ह्यांना?” तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं. “ह्यांना पाऊस अंगावर पडल्यावरसुद्धा वाटतं, वरून कुणीतरी पाणी ओतलं.”

“माझा काय संबंध!” बारक्या म्हणाला, पण त्याचा आवाज ओला झाला होता. त्याने उठून खोकं पुन्हा माळ्यावर टाकलं, जरा जास्तच जोरात, आणि खिळा-हातोडी शोधायला लागला.

वडीसाठी जागा आत्याने निवडली. बॉयलरचा पाइप कुठून जातो, दुपारी कुठली भिंत तापते, धुण्याच्या खोलीची वाफ कुठल्या खिडकीतून बाहेर पडते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? उत्तरेच्या भिंतीला, सज्ज्याखाली, कपड्यांपासून दूर, डोक्याच्या उंचीवर वडी लागली.

पाटी पुसली गेली नाही, उलट तीन आठवडे चालली. ‘आत्या’च्या जागी सुनेने ‘आभाळ’ लिहिलं, म्हणजे डबा म्हणाला काय आणि झालं काय. दहांतले सात-आठ दिवस डबा बरोबर निघे. आत्याला त्याचा स्वभाव कळत गेला. दाबाचा आकडा भराभर उतरू लागला, की त्याचं ऐकावं, तेव्हा तो थट्टा करत नाही. संध्याकाळी उद्याचं सांगतो ते बरंच पक्कं असतं. पण पाऊस नऊला की बाराला, हे त्याला विचारू नये. तो भोवतालच्या सगळ्या हवेचं बोलतो. आपल्या अठरा दोऱ्यांवर कुठला ढग येऊन थांबणार, हे त्याला टेबलावर बसून कसं कळावं? ते बघायला कुणीतरी खिडकीशी जायलाच हवं.

“आणि खिडकीशी जाऊन मी काय करू?” आत्या म्हणाली. “माझं नाक आता फक्त चष्मा ठेवायला.”

“माझं आहे ना,” सून म्हणाली. “शिकवा.”

शिकवणं सोपं नव्हतं. जो वास आपल्यालाच येत नाही तो दुसऱ्याला कसा दाखवायचा? आत्या आठवणीतून बोले. इकडून वारा असला की बेकरीचा वास येतो, तो सोडून दे. हा जो तिखट वाटतो ना, तो धूर. त्याच्या खाली बघ, तळाशी. सुनेला आठवडाभर नुसता साबण येत राहिला. मग एका सकाळी ती म्हणाली, “काहीतरी आहे. गार गार.” दुपारी सर आली. आत्याने त्या दिवशी आनंदाने दोन बिस्किटं जास्त खाल्ली, चव लागत नसतानाही.

आणि पुन्हा एक मंगळवार आला. शेडमध्ये सूतिकागृहाची दुपटी निथळत होती, हातरुमालापेक्षा थोडी मोठी, रांगेने. साडेपाचला दोघी जिन्याच्या टोकाशी उभ्या राहिल्या. खाली डब्यावर सूर्य होता, दाब चढता. गच्चीवरची दोरी सैल लागली होती. उरलं होतं नाक. आज पहिल्यांदाच सुनेने स्वतः कडी काढली, झडप लोटली, डोळे मिटले.

मग डोळे उघडून म्हणाली, “आत्या, कडी. लोखंडाची कडी. चांगला ठळक वास आहे.”

“ठळक?”

“हो. आत म्हणू या?”

आत्याचा जीव टांगणीला लागला. डबा एक सांगतो, दोरी तेच सांगते, आणि ही पोर उलट. स्वतःला काही येत नाही. तिने बाहेर पाहिलं, आभाळ नुकतं उजळत होतं, एका कडेला पातळ ढग. मग तिची नजर सुनेच्या हातावर गेली. झडपेवर ठेवलेला हात, नाकापासून वीतभर अंतरावर.

“कडी कशाने काढलीस?”

“हाताने. आणखी कशाने?”

आत्या बघतच राहिली, आणि मग हसायला लागली. अशी हसली की तिला जिन्याचा कठडा धरावा लागला. “अगं, चादरीतली वडी झालीस की तू! जा. हात धुऊन ये. साबण लावून.”

सून धावत गेली, धावत आली. आत्याने तोवर खिशातला रुमाल बोटांवर घेऊन खिडकी लावून पुन्हा उघडली. सून नाक पुढे करून उभी राहिली. एक श्वास, दुसरा, तिसरा.

“काही नाही,” ती म्हणाली. “बेकरी. आणि साबण.”

“नक्की?”

“नक्की नाही. पण काही नाही.”

“इतकंच असतं,” आत्या म्हणाली. “मलाही कधी याच्यापेक्षा जास्त नक्की नव्हतं.” हे तिने एक्केचाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

तिने रुमालाची घडी घातली आणि सुनेच्या हातात दिली. खालून बारक्याचा आवाज आला, जिना हादरवणारा: “ओ हवामान खातं! टोपल्या भरल्यात! वर की आत?”

सुनेने आत्याकडे पाहिलं. आत्या कोपऱ्यातली घडीची खुर्ची उचलत होती, गच्चीच्या दाराशी ठेवायला. दुपटी वाळेपर्यंत तिथे बसून त्या पातळ ढगावर डोळा ठेवायचा होता, तेवढं तिला अजून छान दिसत होतं.

“वर!” सून ओरडली.